जुन्या अॅम्पचे सगळे कपॅसिटर बदलावेत की बिघडलेले तेवढेच?

फोंडेकर
माझा जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) गिटार अॅम्प पावसाळाभर बंद होता. चवथीला लावला तर नुसता घूंऽऽ. व्हॉल्यूम शून्यावर आणला, गिटारची वायर काढली, तरी आवाज तेवढाच. मेकॅनिकने एका वाक्यात निकाल दिला, 'सगळे कपॅसिटर बदलूया.' मला हे पटत नाही. आधी दोष शोधावा.

आपली वीज ५० हर्ट्झची, एसीचा डीसी करणाऱ्या फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर फिल्टर, म्हणजे तो डीसी सपाट करणारा कपॅसिटर, कमी पडला की १०० हर्ट्झची घरघर येते. तीच येत होती. अर्थिंगचा किंवा वायरचा घुमारा सहसा ५० चा, जास्त खर्जातला. मग मीटर एसीवर ठेवून टप्प्याटप्प्याने रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, मोजलं. पहिल्या फिल्टरवर थोडं असतंच, पण पुढच्या रेझिस्टरनंतर ते झपाट्याने उतरायला हवं. दुसऱ्या टप्प्यावर उतरलंच नाही. दोषी एकच, मग बाकीचे का उपटायचे?

मडगावकर
कारण बाकीचेही त्याच वयाचे आहेत. हे फिल्टर इलेक्ट्रोलायटिक जातीचे, त्यांतला द्रव उष्णतेने सुकतो, आणि व्हॉल्व्हचा अॅम्प म्हणजे भट्टीच. आज एक गेला, उद्या दुसरा शॉर्ट होईल आणि रेक्टिफायरसकट ट्रान्सफॉर्मर घेऊन जाईल. बायसचा छोटा कपॅसिटर गेला तर व्हॉल्व्हचा प्रवाह आवरणाऱ्या जाळीचा, म्हणजे ग्रिडचा, निगेटिव्ह व्होल्टेज ढळतो आणि पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेट लाल होतात. घूंघूं ऐकू येत नाही म्हणजे कपॅसिटर धडधाकट, असं समजू नका. मीटरवर मायक्रोफॅरड (क्षमता) बरोबर दिसतात तेव्हाही ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, वाढलेला असू शकतो. विजेची गळती तर पूर्ण व्होल्टेजवरच कळते.

फोंडेकर
बायसचं मान्य, मडगावकरबाब. पण मेकॅनिकच्या 'सगळे' मध्ये कपलिंगचे, म्हणजे एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे फक्त सिग्नल नेणारे, फिल्म कपॅसिटरही होते! त्यांत सुकायला द्रवच नाही. संशय असेल तर ग्रिडकडचं टोक सोडवून त्या मोकळ्या टोकावर डीसी मोजायचा. काटा शून्याजवळ स्थिरावला तर तो निर्दोष. पाच मिनिटांचं काम आहे.

म्हापशेकर
दोघेही थेट कपॅसिटरवर गेलात. आपल्याकडची खारी, दमट हवा आधी जॅक आणि व्हॉल्व्हचे सॉकेट खाते. खरखर आली की मी प्रथम ते साफ करतो, व्हॉल्व्ह बदलून बघतो, मगच सोल्डरिंग आयर्न गरम करतो.

आणि हे कुणीच लिहिलं नाही: प्लग काढल्यावरही फिल्टरमध्ये ४०० व्होल्ट उरू शकतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. जास्त वॅटेजच्या रेझिस्टरमधून उतरवा, मीटरवर खात्री करा, एक हात खिशात ठेवा. रिपल मोजताना तर अॅम्प चालूच असतो. ज्याला याचा सराव नाही त्याने झाकण उघडूच नये.

मडगावकर
हे आधी यायला हवं होतं. आणि म्हणूनच म्हणतो, त्या ४०० व्होल्टात पुन्हापुन्हा हात घालण्यापेक्षा इलेक्ट्रोलायटिक सगळे एकदम बदला. फिल्म राहू देत.

फोंडेकर
बायसचा आणि दुसऱ्या टप्प्याचा बदलतो. पहिल्या फिल्टरचं रिपल दर महिन्याला मोजेन, वाढलं तर तोही. फिल्मना हात लावणार नाही.