विंचूदंश आणि प्राझोसिन: स्वस्त गोळीचा हिशेब कसा मांडायचा?

ओटीवरून
तालुक्याच्या आरोग्य आराखड्यासाठी टिपण करतोय. विषय असा की वैद्यकीय संशोधनाने आयुष्य वाढतं आणि त्याचा गावाच्या अर्थकारणाला काय उपयोग होतो. शोधायला गेलं की स्टेंट, रोबो आणि जनुकोपचारच समोर येतात. मला कोकणातलं उदाहरण घ्यायचंय: डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड भागात लाल विंचवाच्या दंशावर वापरलेली प्राझोसिन. पण ही तर रक्तदाबाची जुनीच गोळी, मग यात नवं काय? प्राथमिक आरोग्य केंद्रात ती वापरताना नेमकं कुठे चुकतं? आणि पैशाची बाजू कशी लिहावी?

कातळसडा
नवं आहे ते निदान. पूर्वी दंशाचा रुग्ण दगावला की विष "हृदयावर गेलं" एवढंच म्हणायचे. खरं होतं ते असं: विषामुळे मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाहिन्या उघड्याच राहतात आणि ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. मृत्यू बहुतेक या पाण्यानेच येतो. प्राझोसिन आवळलेल्या वाहिन्या सैल करते, म्हणजे घाव थेट मुळावर. 1976 पासून महाडजवळच्या बिरवाडीच्या केंद्रात बावस्करांनी खाटेशेजारी केलेल्या नोंदींतून हे उलगडत गेलं आणि 1986 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आधी गंभीर रुग्णांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा जायचा, नंतर प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आलं. प्रयोगशाळेत नवा रेणू घडवलाच नाही, तरी हा शोधच आहे.

दवाखान्याची पायरी
चुकतं ते पहिल्या अर्ध्या तासात. नुसती भयंकर आग होत असेल आणि बाकी काही नसेल तर प्राझोसिन द्यायची नाही. पॅरासिटामॉल, गरज पडल्यास दंशाच्या जागी ॲड्रिनलिन नसलेलं लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध), आणि रुग्णावर नजर. उलट दरदरून घाम, उलट्या, लाळ, हातपाय बर्फासारखे गार, मुलग्यांत शिश्न ताठरणं ही लक्षणं दिसली की थांबू नये. अशा रुग्णाला वेदना कमीही असू शकते. "दुखत नाही म्हणतोय" म्हणून घरी पाठवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

मात्रा किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, तोंडाने. 15 किलोच्या मुलाला 450, म्हणजे 1 मिलिग्रॅमची साधी गोळी निम्मी. दर 3 तासांनी पुन्हा, हातपाय गरम होईपर्यंत. तळपायाला हात लावून बघणं हीच इथली चाचणी. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, म्हणून 3 तास आडवं ठेवायचं. आई लेकराला उभं उचलून कडेवर घेते आणि तिथेच घात होतो, हे तिला आधी सांगून ठेवावं. घाम आणि उलट्यांनी शरीर कोरडं पडलेलं असतं, तेव्हा तोंडाने पाणी, जलसंजीवनी. दर अर्ध्या तासाने नाडी, श्वास, रक्तदाब. धाप लागली, छातीत घरघर आली तर ऑक्सिजन लावून, पाठ उंच ठेवून वरच्या रुग्णालयात पाठवा, तिथे डोब्युटामिन हे हृदयाला जोर देणारं औषध लागतं.

देऊ नये ते: ॲट्रोपिन (घाम आणि लाळ थांबते, हृदयाची धावपळ वाढते), बीटा ब्लॉकर (हृदयाची गती मंदावणारी औषधं), स्टेरॉइड, अफूवर्गीय वेदनाशामक. सवयीने हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचणं अजूनही दिसतं.

औषधांची फळी
वरच्यात एक खोच राहिली. बाजारात सहज मिळते ती दीर्घकाळ झिरपणारी, 'एक्सएल' लिहिलेली 2.5 किंवा 5 मिलिग्रॅमची गोळी. ती दंशाला चालत नाही. सावकाश सुटते, आणि मोडली की तिची झिरपण्याची रचनाच बिघडते. मागणीपत्रात नुसतं "प्राझोसिन" लिहिलं तर तीच येण्याचा धोका. "साधी, 1 मिलिग्रॅम, दीर्घकाळ झिरपणारी नव्हे" असं ठळक लिहा. साठा मार्चअखेर यायला हवा, एप्रिल ते जून आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर हे जोराचे दिवस. मुदतीची तारीख दर महिन्याला बघा. कमी खपाचं औषध फळीवर पडून जुनं होतं.

ओटीवरून
लस म्हणजे प्रतिविष वापरायचं की नाही? काहीजण म्हणतात गोळी आहे तर कशाला.

दवाखान्याची पायरी
लस म्हणू नका, गावात गोंधळ होतो. मिळत असेल तर दोन्ही द्यावीत. 2011 च्या 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकातल्या बावस्करांच्या चाचणीत 70 रुग्ण होते. नुसत्या प्राझोसिनवर बरं व्हायला सरासरी 18 तासांच्या आसपास वेळ लागला, सोबत प्रतिविष दिल्यावर साधारण 8 तास. पण प्रतिविषाची वाट बघत गोळी लांबवू नका. प्रतिविष देताना ॲड्रिनलिनची सिरिंज भरून जवळ हवी.

कातळसडा
पैशाबद्दल: टिपणात "वाचलेले जीव गुणिले उत्पन्न" असलं गणित टाळा, तुमच्याकडे तेवढी आकडेवारी नसणार. दोन वाटा शेजारी शेजारी ठेवा. एका बाजूला काही गोळ्या आणि केंद्रातलं एक दिवसाचं निरीक्षण. दुसऱ्या बाजूला महाडहून मुंबई दीडशे किलोमीटरच्या वर, रुग्णवाहिका, व्हेंटिलेटर, सोबत दोन माणसांची बुडालेली मजुरी आणि त्यासाठी काढलेलं कर्ज. दंश होतो तो लाकडं, गवत, चिरे उचलणाऱ्यांना, म्हणजे घरातल्या कमावत्या हाताला, नाहीतर जमिनीवर निजलेल्या पोराला. तुमच्या केंद्राच्या नोंदवहीतून तीन वर्षांचे दंश, वर पाठवलेले रुग्ण आणि गोळी मिळेपर्यंत गेलेले तास काढा. यातला शेवटचा रकाना सहसा कोराच असतो.

औषधांची फळी
आणि त्याच पानावर हेही लिहा: पेटंट संपलेल्या स्वस्त गोळीत कंपनीला नफा नाही, म्हणून दुकानदार ती ठेवत नाही. तालुक्याने एकत्र मागणी नोंदवून केंद्रांना वाटून द्यावी. एका केंद्राची गरज इतकी थोडी असते की पुरवठादार फोनही उचलत नाही.