रि: यंदाचा समाजनिधी – दिवाळे कोळीवाडा

प्रेषक: चिटणीस

मंडळी, नमस्कार.

गणपती व्यवस्थित पार पडले. हिशोबही जुळला, मोदकांचा सोडून. समाजनिधीत साडेचार हजार डॉलर शिल्लक आहेत. शाळेला संगणक देऊन झाले, वाचनालयाला कपाटं देऊन झाली, तेव्हा यंदा एखादं किनाऱ्यावरचं गाव दत्तक घ्यावं असं बैठकीत निघालं. आपल्यातले निम्मे नवी मुंबईतल्या नेरूळ-बेलापूरकडचे, म्हणून दिवाळे कोळीवाड्याचं नाव पुढे आलं. तिथल्या बायकांच्या बचत गटाला खेकडा पालनाच्या पेट्या द्याव्यात अशी कल्पना आहे. फोटोही चांगले येतील (हे कुणी म्हटलं ते सांगत नाही).

सानपाड्याच्या काकांना विनंती की एकदा जाऊन बघावं आणि कोणत्या खात्यावर पैसे पाठवायचे ते रविवारपर्यंत कळवावं.

–––

प्रेषक: खजिनदार

कोणत्या खात्यावर, याचं उत्तर मीच देतो: कोणत्याही नाही.

आपलं मंडळ इथे नोंदलेली संस्था आहे. भारताच्या २०१० च्या परकीय देणगी कायद्याप्रमाणे आपण 'परकीय स्रोत' ठरतो. देणगी घेणाऱ्याकडे त्या कायद्याखालची नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावी लागते. बचत गटाकडे यातलं काही नसतं. मग एखाद्या मोठ्या संस्थेला द्या, ती गटाला देईल, हा मार्ग पूर्वी चालायचा. त्याच दुरुस्तीने तोही बंद केला, आलेली देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकेच्या मार्गाने दिलेले पैसे या कायद्यात परकीय धरत नाहीत. ओसीआय कार्डवाले, म्हणजे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय, मात्र परकेच. मीसुद्धा. पोह्यात शेंगदाणे घालायचे की नाही यावर भांडून झालं की मी परका.

–––

प्रेषक: गोठिवलीची माहेरवाशीण

चिटणीस साहेब, राग मानू नका, पण 'दत्तक' हा शब्द काढा. माझ्या आजीला कुणी सांगितलं असतं की परदेशातलं मंडळ तुमचं गाव दत्तक घेतंय, तर तिने विचारलं असतं, "कोन मेलंय काय आमचे घरान?"

आपण ज्यांना कुठल्या सेक्टरात राहता असं विचारतो ती जमीन ९५ गावांची होती. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सरकारची सिडको आली, भातशेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी उभे राहिले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची गोष्ट पुढे सरकली. आमच्या घरी तो भूखंड मिळाला, त्यावर इमारत झाली, माझं शिक्षण त्यातून झालं. हे मी लपवत नाही. पण साडेबारा टक्के मिळाले ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. माझी मावशी कोळीवाड्यात दिलेली. तिच्या सासरी सगळं घर खाडीवर चालायचं, आणि खाडीचा सातबारा नसतो. एकाच लग्नाच्या पंगतीला बसणारी दोन घरं, एकाला प्लॉट, दुसऱ्याला हात हलवत.

म्हणून काही करायचं असेल तर काका, पेट्यांचं नंतर बघा, आधी बायकांना विचारा.

–––

प्रेषक: शहापूरकर

आमच्याकडेही बघा कधी. भातसा आमच्या तालुक्यात, तानसा आमच्या तालुक्यात, मुंबईला पाणी आमचं, आणि एप्रिल लागला की आमच्याच पाड्यांवर टँकर. खेकड्यांना निदान पाणी तरी आहे.

–––

प्रेषक: सानपाड्याचे काका

सर्वांना नमस्कार. रविवारची मुदत टळून दोन आठवडे झाले, माफी असावी. तीनदा जाऊन आलो. तिसऱ्या फेरीपर्यंत कळवावं असं हाती काही नव्हतं.

शहापूरकर, तुमचं म्हणणं रास्त आहे. पण माझे गुडघे बेलापूरपर्यंतच जातात, पुढच्या वर्षी दुसरा काका शोधा.

पहिल्यांदा मी आपल्या सवयीने गेलो. शनिवार, सकाळी अकरा, समाजमंदिरात बैठक. निरोप चार दिवस आधी दिला होता. मी, एक पंखा आणि सतरंजीवर झोपलेलं एक कुत्रं, अशी साडेबारापर्यंत सभा चालली. परतताना मासळी बाजारातून गेलो तर ज्यांना निरोप दिला त्याच बायका ओळीने बसलेल्या. एकीने ओळखलं. म्हणाली, "आज तीज हाय. आज कोन येल?"

मला काही कळलं नाही. समोर गिऱ्हाईक नव्हतं म्हणून असेल, तिने समजावून सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. तीज म्हणजे तीन, पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या सुमाराला. आठला चिखलात, दहाला वर, अकराला टोपली घेऊन बाजारात. पुनवेची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीची सहा. मी घरी येऊन भरतीच्या तक्त्याशी ताडून बघितलं, वीस-पंचवीस मिनिटांच्या फरकाने बरोबर. पुनव-अवसेला उधाण, पाणी जोरात आत-बाहेर करतं, मासळी मिळते, कुणाला मान वर करायला वेळ नाही. अष्टमी-नवमीला भांग, पाणी मंद, धंदा मंद, तेव्हा बाई घरी सापडते. आपण इतकी वर्षं आरोग्य शिबिरं शनिवारी सकाळी घेतली आणि 'प्रतिसाद अल्प' असं अहवालात लिहिलं. ते अहवाल मीच लिहिलेत.

दुसऱ्या खेपेला नवमी धरून गेलो. दहा-बारा जणी आल्या. खेकड्यांच्या पेट्यांचं काढलं तर त्या एकमेकींकडे बघून हसल्या. पेट्या ठेवायच्या कुठे? काठाला कांदळवन आहे, त्याला हात लावायचा नाही. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तसा स्पष्ट निकाल दिलाय, आणि तो त्यांनाही मान्य आहे, कारण कोळंबी नि चिंबोरी वाढते ती त्याच मुळांत. खेकडा पालनासाठी सरकारची कांदळवन कक्षामार्फत योजना आहे, गटाला बराचसा खर्च सरकारच देतं. चिंबोरीची पिल्लं तामिळनाडूतल्या उबवण केंद्रातून मागवावी लागतात. आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी ज्या दिवशी खाडीत उतरतं त्या दिवशी पेटीतली चिंबोरी पळू शकत नाही, मोकळी असली तर निदान पळते. हा शेवटचा मुद्दा मला सुचला नसता. थोडक्यात, पेटी पैशावाचून अडलेली नाही.

मग अडलंय काय, असं विचारल्यावर एक वयस्क बाई, बराच वेळ काही न बोलता निवट्या साफ करत बसली होती ती म्हणाली, "होरीचा लायसन नवऱ्याचे नावाव. चिखलाचा लायसन कोन देल?"

(निवट्या म्हणजे चिखलावर उड्या मारणारे ते मासे. त्यांचं कालवण मिळालं. घरी सांगितलेलं नाही.)

त्या एका वाक्यावर मी गेले दोन आठवडे कागद वाचतोय. मच्छीमार कोण, हे कागदावर होडी ठरवते. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही खुलं झालं, व्याज वेळेवर फेडलं तर ४ टक्के पडतं, नियमात महिला गटांचाही उल्लेख आहे. पण खाडी-समुद्रावर मासेमारी करणाऱ्यासाठी अट अशी की नोंदलेली नौका मालकीची किंवा भाड्याची हवी आणि मासेमारीचा परवाना हवा. हाताने चिंबोऱ्या, कालवं, शिवल्या काढणाऱ्या बाईकडे नौका कुठली? तिचं हत्यार म्हणजे एक आकडी, एक टोपली आणि गुडघाभर चिखल.

भरपाईचंही तेच. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलामुळे मासेमारी बुडते म्हणून तिथल्या मच्छीमारांची संस्था उच्च न्यायालयात गेली होती. २०२१ मध्ये कोर्टाने मच्छीमारांना भरपाई मिळाली पाहिजे असं सांगितलं, आणि पुढे २०२३ मध्ये राज्याने अशा प्रकल्पांसाठी भरपाईचं धोरण आणलं. मोठी गोष्ट आहे. पण उद्या इथे पूल किंवा धक्का आला आणि यादी करायला कुणी बसलं, तर पहिला प्रश्न असणार, कागद काय आहे? होडीवाला कागद दाखवेल, संस्थेचा सभासद पावती दाखवेल. चिखलातली बाई टोपली दाखवेल. माहेरवाशीणबाई, तुम्ही म्हणालात खाडीचा सातबारा नसतो. मला वाटतं तीच गोष्ट पुन्हा होऊ घातली आहे, फक्त या वेळी एकाच घरातल्या दोघांत.

एक फट सापडली. केंद्राने २०२४ मध्ये मत्स्यव्यवसायासाठी डिजिटल मंच सुरू केला, लोक त्याला एनएफडीपी म्हणतात. त्यात होडी नसलेल्या मत्स्य कामगारालाही आणि मासळी विक्रेत्यालाही नोंदता येतं. पैसे लगेच मिळत नाहीत, मी तसं बायकांना आधीच सांगितलं. पण धंद्याच्या रकान्यात तिचं स्वतःचं नाव लागतं, 'गृहिणी' असं लागत नाही. रस्त्यावर बसणाऱ्यांसाठी २०१४ च्या फेरीवाला कायद्याखालचं प्रमाणपत्र हा दुसरा कागद.

तिसरी खेप त्यासाठी. अष्टमी, सकाळी साडेनऊ. चौदा जणी आल्या, पाच नोंदी झाल्या. बाकी नऊ कशा अडल्या ते सांगतो, कारण काम इथेच आहे. आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा किंवा मुलाचा. मुलगा महापेला कंपनीत, ओटीपी त्याच्या खिशात, फोन लॉकरात. तो संध्याकाळी बघतो तेव्हा ओटीपी शिळा. तिघींच्या आधारवर 'बाई' लावलेलं, पासबुकात नाही. दोघींचे अंगठे यंत्र घेत नाही, आयुष्यभर शिंपल्यांत हात घातल्यावर रेषा राहतात कुठे. एकीला मी ज्या कचेरीत घेऊन गेलो तिथल्या गृहस्थांनी सांगितलं, "यांच्या मालकांना पाठवा." मालक वारून सहा वर्षं झाली होती. बाई काही बोलली नाही. मी बोललो, त्याचा उपयोग झाला नाही.

तेव्हा पैसे पाठवू नका. कायद्यानेही पाठवता येत नाहीत आणि पाठवले तर पेट्याच येतील.

–––

प्रेषक: चिटणीस

काका, पण वार्षिक सभेत मी काय सांगू? निधी तसाच पडून?

–––

प्रेषक: खजिनदार

पडून राहू दे, निधी नासत नाही. काकांचा मेल मी दोनदा वाचला. एक हिशोब मांडतो. नऊ जणींना स्वतःचं सिमकार्ड आणि साधा फोन, आधार दुरुस्तीचं शुल्क, रिक्षा. हे सगळं मिळून आपल्या दिवाळी पहाटेच्या ध्वनियंत्रणेएवढंही होत नाही. आपल्यातल्या भारतीय पासपोर्टवाल्या दोघा-तिघांनी घरच्या खात्यातून केलं की झालं. मंडळाचं नाव त्यावर नको, पावती नको, फोटो नको. अध्यक्षांना फोटो हवेच असतील तर माझ्या घरी भरलेल्या चिंबोऱ्या आहेत, त्यांचे घ्यावेत.

आणखी एक. यंत्र अंगठा घेत नसेल तर डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून आधारची ओळख पटवण्याची सोय आहे, ती मागायची. कुणी आपणहून सांगत नाही.

–––

प्रेषक: गोठिवलीची माहेरवाशीण

फोन घेताना एक काळजी घ्या, नंबर बाईच्याच नावावर घ्या. नाहीतर परत ज्याच्या नावाव होरी त्याच्याच नावाव फोन.

मी २ डिसेंबरला उतरते आहे, तीन आठवडे आहे. मला फॉर्म भरता येतात, आगरी बोलता येतं आणि मालकांना पाठवा म्हणणाऱ्या माणसाशी बोलायलाही येतं. तारीख सांगा.

–––

प्रेषक: सानपाड्याचे काका

तारीख नको, तिथी सांगतो. मार्गशीर्ष वद्य अष्टमी. भरती सहाला, ओहोटी बाराला, पण भांगाची, चिखल फारसा उघडा पडत नाही. साडेनऊला समाजमंदिरात या. आधल्या संध्याकाळी घरोघर फिरून मुलांना सांगून ठेवतो की उद्या सकाळी फोन आईकडे ठेवून जा. लॅपटॉप आणा, लांब वायरचा बोर्ड आणा, तिथे प्लग एकच आहे आणि तो पंख्याचा आहे.

कुत्र्यासाठी काही आणू नका, त्याला बाजारातून मिळतं.