अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या वाद्यवृंदाच्या मैफलींना श्रोते का जमत नव्हते?

प्रश्न: वाद्यवृंद नावाजलेला, ऑर्केस्ट्रा हॉल १९१९चा, आवाजाला अप्रतिम. तरी खुर्च्या रिकाम्या. दोष तिकिटाच्या दराचा का?

उत्तर १: दर नंतर, आधी माणसं मोजा. १९५०मध्ये शहरात साडेअठरा लाख लोक होते, २०२०मध्ये ६ लाख ३९ हजार. तिकीट परवडणारा बराचसा वर्ग उपनगरांत गेला. त्याला रात्रीच्या मैफलीसाठी लांबून गाडी हाकायची, पार्किंगचे पैसे वेगळे, जानेवारीत बर्फ, गाडी नसेल तर परतीला बसचा भरवसा नाही. घरी लहान मूल असेल तर सांभाळणारीचे तासावर पैसे. तिकीट निम्मं केलंत तरी हा खर्च तसाच.

उत्तर २: सहमत. त्यात ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०११ वादकांचा संप. हंगाम बुडाला की वर्गणीदाराची सवय मोडते, आणि ती नुसत्या जाहिरातीने परत येत नाही. पुढे वाद्यवृंदाने मैफली उपनगरांतल्या चर्च, सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळांत) नेल्या, थेट प्रक्षेपण इंटरनेटवर फुकट दिलं. हे शहाणपणाचं.

उत्तर ३: शहाणपणाचं, पण फुकटात होत नाही. छोट्या मंचावर ऐंशी-नव्वद वादक मावत नाहीत. मग हायडन, मोझार्ट या जुन्या संगीतकारांच्या रचना निवडायच्या, पस्तीस-चाळीस जणांत भागतं. मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिणारा मालर वाजवायचा तर मोठाच हॉल हवा, आणि तिथे पुन्हा तोच रात्रीचा प्रश्न. म्हणून शुक्रवारची सकाळी १०.४५ची मैफल मला सगळ्यात हुशारीची वाटते: ज्येष्ठ मंडळी उजेडात येतात, उजेडातच घरी पोचतात.