मारिओ बाव्हा: कट न मारता म्हातारा होणारा चेहरा

रीळवेडा
1957च्या 'इ व्हाम्पिरी' या इटालियन भयपटात अभिनेत्री जियाना मारिया कनाले कॅमेऱ्यासमोर बघता बघता म्हातारी होते. मध्ये कुठे कट नाही, डिझॉल्व्ह (एक दृश्य दुसऱ्यात विरघळणं) नाही. एका कृष्णधवल लघुपटासाठी नेमकं हेच हवं आहे: क्लोजअप, चार-पाच सेकंद, संगणकावर चेहरा बदलणं नाही. हाताशी दोन रंगीत एलईडी पॅनेल आणि साधा मिररलेस कॅमेरा. कसं जमवावं? आणि श्रेय कुणाचं, दिग्दर्शक फ्रेडाचं की छायाचित्रकार बाव्हाचं? बाव्हाचे बाकीचे चित्रपट कुठून सुरू करावेत तेही सांगा.

रंगपेटी
युक्ती रंगाची आहे, म्हणूनच ती कृष्णधवलमध्ये खपते. सुरकुत्या पहिल्यापासून चेहऱ्यावर असतातच, लाल रंगात काढलेल्या. लाल प्रकाशात त्वचाही उजळ आणि रेघही उजळ, म्हणून रेघ दिसत नाही. प्रकाश निळा-हिरवा झाला की तीच रेघ तो शोषून घेते आणि काळी पडते. हा बाव्हाचा शोध नव्हे. छायाचित्रकार कार्ल स्ट्रसने 1931च्या 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'मध्ये हेच केलं होतं.

तुमच्याकडे दोन रस्ते आहेत. पहिला जुना: एक पॅनेल शुद्ध लाल, दुसरं निळसर हिरवं. दोन्ही शक्य तितकी एकाच दिशेला, अगदी खेटून ठेवा. नाहीतर प्रकाश बदलताना नाकाची सावली सरकते आणि चोरी तिथेच पकडली जाते. मग चार सेकंदांत एक मंद करत दुसरं वाढवायचं. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगजुळणी) आणि एक्स्पोजर दोन्ही मॅन्युअल. ऑटोवर ठेवलंत तर कॅमेरा तुमचा बदल 'दुरुस्त' करत बसेल.

इथे बहुतेकांचा घोटाळा एडिटला होतो. सॅच्युरेशन शून्य केलं की सॉफ्टवेअर साधारण 21 टक्के लाल, 72 टक्के हिरवा आणि 7 टक्के निळा असं मिश्रण करतं. म्हणजे तरुण चेहराच काळवंडतो, आणि म्हातारपण येतं तेव्हा उजेड पडतो! त्यामुळे चॅनल मिक्सर (लाल, हिरवा, निळा किती घ्यायचा ते ठरवणारं साधन) वापरा आणि कपाळाची पातळी दोन्ही टोकांना सारखी येईपर्यंत प्रमाण बदलत राहा.

दुसरा रस्ता जास्त बिनधोक. साध्या पांढऱ्या प्रकाशात शूट करा आणि नंतर फक्त लाल चॅनलवरून फक्त हिरव्यावर हळूहळू या. सावली हलण्याचा प्रश्नच उरत नाही. निळा चॅनलही चालतो, पण त्यात दाणे फार येतात. रंगाची माहिती जास्त साठवणारं 10-बिट 4:2:2 रेकॉर्डिंग असेल तरच हे करा. 8-बिट 4:2:0 मध्ये रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच साठवली जाते, म्हणून बारीक लाल रेघांच्या कडा फुटतात.

कृष्णधवल
श्रेयाबद्दल: दिग्दर्शक म्हणून नाव रिकार्दो फ्रेडाचं. फ्रेडा चित्रपट अर्धवट टाकून गेला आणि उरलेलं बाव्हाने उरकलं. पण छायाचित्रण बाव्हाचंच होतं, त्यामुळे म्हातारपणाचा शॉट त्याच्याच खात्यात टाका.

बाव्हाचा जन्म 31 जुलै 1914, सान रेमो, इटली. वडील यूजेनियो शिल्पकार, कॅमेरामन आणि ट्रिक-फोटोग्राफीतले उस्ताद. मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकला. छायाचित्रकार म्हणून बरीच वर्षं काढल्यावर 1960ला 'ला मास्केरा देल देमोनिओ' या भयपटावर दिग्दर्शक म्हणून स्वतंत्रपणे नाव लागलं. ब्रिटनमध्ये या चित्रपटावर 1968पर्यंत बंदी होती. सुरुवात इथूनच करा.

पुढे 1964चा 'सेइ दोन्ने पेर लासासिनो', रंगासाठी. 1965चा अंतराळपट 'प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स' धूर, आरसे आणि मिनिएचरसाठी (छोट्या प्रतिकृतींसाठी). त्या परग्रहाबद्दल बाव्हा सांगायचा की सेटवर प्लास्टिकचे खडक होते फक्त दोन. 1971च्या 'बे ऑफ ब्लड'मध्ये डॉलीऐवजी (कॅमेरा सरकवायच्या गाडीऐवजी) मुलांची खेळण्यातली गाडी होती आणि जंगल कमी पडलं तिथे लेन्ससमोर फांद्या धरल्या. शेवटी 1977चा 'शॉक'. त्यात मुलगा आईकडे धावत येतो आणि मिठीत येतो तो मोठा पुरुष! पोरगं फ्रेमच्या खालच्या कडेखाली बसतं, तिथेच दबा धरून बसलेला नट वर येतो. बस्स, इतकंच. मात्र खालची कड आईच्या कमरेच्या वर हवी, नाहीतर अदलाबदल उघडी पडते.

'लिसा अँड द डेव्हिल' बघताना आवृत्ती तपासा. विकला जात नाही म्हणून निर्मात्याने नवे प्रसंग घुसवून त्याचा भूत उतरवण्याचा सिनेमा केला आणि 1975ला वेगळ्या नावाने काढला. मूळ चित्रपट स्वप्नासारखा आहे; दुसरा म्हणजे निव्वळ ठिगळ. 1974ला चित्रित केलेला 'राबिद डॉग्ज' तर निर्मात्याचं दिवाळं निघाल्याने अडकला. तो लोकांपुढे आला 1990च्या दशकात. बाव्हा एप्रिल 1980मध्येच गेला होता.

रीळवेडा
दोघांचेही आभार. दुसरा रस्ता धरतो. नायिका सावळी आहे, लाल काठाची साडी, कपाळावर कुंकू. काही अडचण?

रंगपेटी
आहे, आणि तीही तिहेरी. लाल चॅनलमध्ये कुंकू जवळजवळ पुसलं जाईल आणि हिरव्यात गडद उमटेल. म्हातारपणाबरोबर कुंकूही उगवेल! काठाचंही तेच. ते नको असेल तर काळी टिकली आणि काळ्या-पांढऱ्या काठाची साडी द्या. ओठही लाल चॅनलमध्ये फिके पडतात, तिथे तपकिरी लिपस्टिक लावा.

सावळ्या त्वचेवर फिकट लाल दोन्ही चॅनलमध्ये दिसेल किंवा दोन्हीत हरवेल. लाल चॅनलमध्ये रेघ त्वचेइतकीच उजळ यायला हवी. म्हणून गालावर तीन-चार लाल छटांचे पट्टे ओढून चाचणी घ्या आणि लाल चॅनलमध्ये जो नाहीसा होतो तो निवडा. मरून टाळा, तो लाल प्रकाशातही काळपट राहतो. पावडरऐवजी पेन्सिल बरी, रेघ पसरत नाही. रंगभूषा चालू असताना नाटकवाल्यांकडचा लाल जिलेटिन कागद डोळ्यासमोर धरून बघत राहा. त्यातून सुरकुती दिसली, तर ती कॅमेऱ्यालाही दिसणार.