कंट्रोल-सी दाबल्यावर थ्रेड थांबवायचे की तोडायचे?

निळीशाई:
पायथॉन भाषेत सर्रास दिसतं: सगळे थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आत समांतर चालणारी कामं, डेमन (ज्यांच्यासाठी प्रोग्राम थांबत नाही असे) करून टाकायचे, म्हणजे कंट्रोल-सी दाबताच प्रोग्राम बंद. मला हे अजिबात पटत नाही. कंट्रोल-सीमुळे येणारा कीबोर्डइंटरप्ट फक्त मुख्य थ्रेडमध्ये उठतो, बाकीच्यांना त्याचा पत्ताच नसतो. मुख्य थ्रेड संपला की डेमन थ्रेड असतील तिथे तुटतात. माझी एक फाइल अशीच अर्धवट राहिली आणि ते कळायला दोन दिवस गेले. सामाईक इव्हेंट, म्हणजे सगळ्या थ्रेडना दिसणारी 'थांबा' अशी खूण, ठेवा, स्लीपऐवजी त्यावरच टाइमआउटसह वेट करा, आणि इंटरप्ट आला की इव्हेंट सेट करून सगळ्यांना जॉइन करा, म्हणजे ते संपेपर्यंत थांबा.

उलटगणती:
असहमत. थ्रेड सॉकेटच्या (नेटवर्क जोडणीच्या) रीडमध्ये अडकला असेल तर इव्हेंट तपासणार कोण? जॉइन तिथेच ताटकळतं. शिवाय ९ नंबरचा सिगकिल (प्रोग्राम सक्तीने मारणारा सिग्नल) पकडताच येत नाही, आणि वीज सांगून जात नाही. अर्धवट फाइलचा इलाज वेगळा आहे: तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा (डेटा डिस्कवर पक्का उतरवा), मग रिनेम. कधीही तुटलं तरी जुनी फाइल शाबूत. जो प्रोग्राम मध्येच मेला तरी चालतो, त्याला निरोपाचे सोपस्कार लागत नाहीत.

निळीशाई:
रिनेमचं मान्य. पण दूरच्या सर्व्हरवर घेतलेलं लॉक (बाकीच्यांना अडवून ठेवणारं कुलूप) कोण सोडणार? आणि सॉकेटला टाइमआउटच न देणं ही मुळातली चूक आहे.

उलटगणती:
लॉकला मुदत घाला, आपोआप सुटेल.

निळीशाई:
आणि ती मुदत संपेपर्यंत बाकीच्यांनी खोळंबायचं? नेहमीच्या बंद करण्याला अपघातासारखं वागवू नये, एवढंच माझं म्हणणं.

खालचीपायरी:
तुम्ही दोघेही पायथॉनच्या सोयीत बोलताय. सी भाषेत सिगइंट, म्हणजे कंट्रोल-सीचा सिग्नल, तो ब्लॉक न केलेल्या कुठल्याही थ्रेडवर येऊ शकतो, आणि हँडलरमध्ये (सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) छापणारं प्रिंटएफ किंवा मेमरी मागणारं मॅलॉक वापरणं सुरक्षित नाही. मी थ्रेड सुरू करण्याआधीच सिग्नल ब्लॉक करतो आणि एक थ्रेड फक्त सिगवेटवर, म्हणजे सिग्नलची वाट पाहत, बसवतो. विंडोजवर तर हँडलर नव्याच थ्रेडमध्ये चालतो. तेव्हा 'मुख्य थ्रेड पाहून घेईल' हा भरवसा सगळीकडे चालत नाही.

निळीशाई:
सिगवेटचा मुद्दा पटला. मग असं करू: पहिल्या कंट्रोल-सीला इव्हेंट सेट करायचा आणि तिथेच सिगइंटची सिस्टिममधली मूळ वागणूक (प्रोग्राम मारणं) परत लावायची. दुसऱ्यांदा दाबलं तर प्रोग्राम तत्काळ मरेल, बॅश शेलमध्ये १३० हा एक्झिट कोड दिसेल.

उलटगणती:
हे चालेल. फक्त पहिल्यांदा दाबल्यावर 'थांबतोय, पुन्हा दाबल्यास लगेच बंद' एवढी ओळ छापा. नाहीतर दुसऱ्यांदा दाबायचं हे वापरणाऱ्याला कळणार कसं?