कोरियन बायकांचे पहिले सिनेमे, सुरुवात कुठून करू?

थ्रिलर, झॉम्बी सगळं बघून झालं, आता कोरियन दिग्दर्शिकांचे पहिलेवहिले सिनेमे बघायचेत. रडू आलं तर चालेल, मेलोड्रामा नको. सुचवा.

रातकिडा: डोळे झाकून 'हाऊस ऑफ हमिंगबर्ड' लाव, किम बोराचा, २०१८. १९९४ चं सोल, चौदा वर्षांची उन्ही, घरात कुणाचं लक्ष नाही, भाऊ मारतो वरून, आणि क्लासमधल्या एकच बाई तिचं नीट ऐकून घेतात. त्या ऑक्टोबरात सोंगसू पूल खरंच कोसळला होता, ३२ माणसं गेली, तेही येतं त्यात.

चहाबाज: त्याआधी युन गा-उनचा 'द वर्ल्ड ऑफ अस' (२०१६) बघ रे. सुरुवातीलाच पोरी टीम पाडतायत आणि कॅमेरा फक्त त्या एका पोरीच्या चेहऱ्यावर, तिला कुणी घेतच नाही, बास, मी तिथेच गेलो. तेरड्याच्या फुलांनी नखं रंगवतात त्यात, आपल्या गौरीतला तेरडा!

जुनीरिळं: पार्क नाम-ओक विसरू नका, 'द विडो', १९५५. कोरियातली पहिली दिग्दर्शिका, तान्ही मुलगी पाठीला बांधून शूटिंग केलं बाईंनी. शेवटचा भाग हरवलाय. दुसरा सिनेमा काही झालाच नाही त्यांचा.

रातकिडा: हा माहीतच नव्हता, आज रात्री शोधतो.