मदत हवी आहे: ग्रीक जलसंकेताची दोन भांडी बरोबरीने उतरत नाहीत

ग्रीक युद्धलेखक एनिआस टॅक्टिकसचं (इ.स.पू. 4थं शतक) जलसंकेत-यंत्र, म्हणजे पाण्याच्या दोन सारख्या भांड्यांनी दूरवर निरोप पाठवायचं साधन, एक-तृतीयांश मापात करतोय. मूळ भांडं 3 हात खोल, 1 हात रुंद. पाण्यावर तरंगणाऱ्या बुचावरच्या काठीवर तीन-तीन बोटांचे भाग, प्रत्येकावर एक ठरलेला निरोप. मशाल वर झाली की दोन्ही भांड्यांजवळच्या माणसांनी तोटी उघडायची, पुन्हा वर झाली की बंद करून काठाशी आलेला निरोप वाचायचा. (आधी न ठरवलेलं काही कळवताच येत नाही, ही ग्रीक इतिहासकार पॉलिबिअसची तक्रार रास्तच आहे.)

माझी भांडी 45 सेंमी उंच, 15 सेंमी पीव्हीसी पाइपची, भाग 1.9 सेंमीचे, तळाशी 6 मिमी भोक. पाणी साधारण पाच मिनिटांत उतरतं. वरचे भाग जुळतात, तळाकडे एक भांडं जवळजवळ पूर्ण भाग मागे राहतं. पातळी कमी झाली की धार मंदावते हे मान्य, पण ती दोन्हीकडे सारखीच मंदावायला हवी.

भोकांच्या कडेची खरखरीत कूस घासली, भांडी लेव्हलने बसवली, बूच कडेला घासत नाही हेही पाहिलं. पंप, इलेक्ट्रॉनिक्स नको. भांडी जोडताही येणार नाहीत, कारण ती दोन टेकड्यांवर असतात.

भोकाला पातळ पितळी चकती लावू की आखूड नळी? आणि दोन्हींचा प्रवाह जुळवायचा कसा: भोक घासून, की मागच्या भांड्याच्या काठीवरच्या खुणा बदलून?